मंत्रिमहोदय, छात्राध्यापकांना जरा वर्गाबाहेर काढा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. बी.एड.चे छात्राध्यापक सराव पाठांना येतात, तेव्हा मागच्या बाकावर बसून त्यांचे पाठ पाहणं माझ्याकडे असतं. पर्यावरणाचा पाठ म्हटला की थर्माकोलची पवनचक्की आणि लॅमिनेट केलेला ‘झाडे लावा’चा तक्ता ठरलेला. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर, सजावटीवर राज्याने २०१८ सालीच बंदी घातली. शैक्षणिक साहित्याच्या गुणांत मात्र त्याची चलती आहे. (पाठ संपला की पवनचक्की कपाटावर चढते आणि पुढच्या बॅचला उपयोगी पडते. एवढाच काय तो पुनर्वापर.)

पोरांचा दोष नाही, त्यांना शिकवलंच तसं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुस्तकं आली, नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीविषयही आला. तो शिकवायचा कोणी? ज्याच्या तासिका कमी भरतात त्याने.

मध्यंतरी जलचक्राचा एक पाठ छान रंगला होता. फलकलेखन सुरेख, आवाज खणखणीत. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ सुरगाण्याहून शिकायला आलेल्या मुलीने विचारलं, “सर, आमच्याकडे इथल्यापेक्षा जास्त पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात टँकर का येतो?” सर टाचण चाळत राहिले. टाचणात ते नव्हतंच. खरं तर शाश्वत विकास शिकवायला तो एक प्रश्न पुरला असता: पाणी फारसं न मुरू देणारा काळा कातळ, तीव्र उतार, उघडेबोडके डोंगर, नार, पार आणि दमणगंगेतून गुजरातेत उतरणारं पाणी, आणि इकडे पूर्वेला कोरडा पडणारा येवला. पाठ मात्र बेल होईपर्यंत बाष्पीभवनावरच राहिला.

नाशिकला उदाहरणं शोधावी लागत नाहीत. गंगापूर धरणाचं पाणी शहर पितं आणि गोदेला परत काय देतं, ते नासर्डीच्या संगमावर नाक धरून कळतं. गोदाघाटावर कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं, तर खालच्या झऱ्यांचं काय झालं? नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं. तिथल्या पाखरांपर्यंत आपलं सांडपाणी पोहोचतं का? आणि तपोवनातली झाडं की कुंभमेळ्याच्या साधूंसाठी साधुग्राम, यावर वर्गात वाद झालाच पाहिजे. शिक्षकाने बाजू घेऊ नये, पण विषय टाळूही नये.

बी.एड. उच्च शिक्षण खात्याकडे, हे मला ठाऊक आहे. पण हे पाठ होतात आपल्याच शाळांत, आणि डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका तर आपल्याकडेच. तेव्हा सुरुवात तिथून करा. सराव पाठांपैकी दोन-तीन तरी वर्गाबाहेर होऊ द्या. छात्राध्यापकाने मुलांना घेऊन शाळेचं पाणी मोजावं: येतं कुठून, गळतं किती, जातं कुठे. त्याची नोंदवही तपासा. पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्याचे थोडे गुण काढून मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना द्या. गुण जिथे, तिथे छात्राध्यापक जातोच. मुलांना नदीपर्यंत न्यायचं तर परवानग्यांतच सत्र संपतं, तेवढं सोपं करा.

आणि परिपत्रक काढलंत तर एक विनंती: सोबत फोटो अपलोड करायची लिंक पाठवू नका.

आपली,
एक भूगोल शिक्षिका, नाशिक