दमलेल्या हार्टची गोळी आणि 24 वर्षं

संपादक महोदय,

बाबांना हार्ट फेल्युअर आहे, रोज मेटोप्रोलॉल घेतात. परवा म्हापशात फार्मसीत एकजण म्हणाला, ही तर हार्ट स्लो करते, कमजोर माणसाला कशी चालते? बरोबरच आहे हो, पूर्वी डॉक्टरही हेच म्हणायचे. स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या डॉ. फिन वागस्टीननी 1975 ला फक्त 7 पेशंटवरचा अनुभव छापला की बीटा ब्लॉकरने (हार्ट स्लो करणारी औषधं, मेटोप्रोलॉल त्यातलंच) अशी हार्ट सुधारतात, पण कोण ऐकणार! शेवटी 1999 ला मेटोप्रोलॉलच्या मेरिट-एचएफ नावाच्या ट्रायलमध्ये 3991 पेशंट घेतले आणि गोळी घेणाऱ्यांत मृत्यू 34 टक्के कमी निघाले, तेव्हा कुठे पटलं. 24 वर्षं एकच गोष्ट धरून बसायची (आमचे बाबा तीन महिन्यांत गोळी सोडायला निघालेले)! आरोग्य पानावर अशा माणसांवर लिहा ना, चतुर्थीच्या डाएट टिप्स पुरे झाल्या.

– एक वाचक, म्हापसा