बंड्यास पत्र : रिपोर्ट बरोबर आहे, पण गाठीचा नाही

प्रिय बंड्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून कुरकुरते, पुढे चल.

त्या शिंगराच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला. दीड वर्षाचं, खालच्या जबड्याला पुढे, दुधाच्या दातांखाली गाठ, ते. रिपोर्ट म्हणतो : ‘रिअॅक्टिव्ह हाड, गाठीची लक्षणं नाहीत.’ म्हणजे कशाला तरी प्रतिक्रिया म्हणून वाढलेलं हाड, ट्यूमर नाही. मालक खूश. सहा महिने थांबायचं म्हणतोय. त्याचे काका ‘दात येतायत’ म्हणून आधीपासूनच निश्चिंत. आता मी काय म्हणणार ते तुला कळलंच असेल, आणि तू वैतागला असशील.

आधी काकांचा विषय संपवतो. दात येताना फुगतं ते जबड्याच्या खालच्या कडेला, दाढांच्या मुळांशी, अडीच ते चार वर्षांच्या वयात आणि बहुधा दोन्ही बाजूंना. पुढचे कायमचे दात अडीच वर्षांच्या सुमारास येऊ लागतात. म्हणजे इथे वयही जुळत नाही आणि जागाही नाही. दोन्ही बाजू सारख्या फुगल्या असत्या तर खाण्यातला दोष समजून कोंड्याचा आणि कॅल्शियम-फॉस्फरसचा हिशेब मी स्वतः मागितला असता. ही गाठ एका बाजूने सुरू झाली, आता मधली रेघ ओलांडतेय, आणि दोन दात ओठाकडे कलंडलेत.

उरतात दोन शक्यता. एक, शिंगराने दात कशात तरी अडकवून ओढले, हाड मोडलं आणि त्याचा कॅलस झाला, म्हणजे मोड भरताना हाडाचं टेंगूळ आलं. या वयात हे नेहमीचंच आहे. दुसरी, ऑसिफाइंग फायब्रोमा, आत हाड तयार करणारी तंतुमय गाठ. त्याची आवडती जागा हीच आणि वयही हेच. गंमत अशी की पॅथॉलॉजिस्टला वरवरचा तुकडा मिळाला तर दोन्हींत त्याला एकच दिसतं, पेरिऑस्टियमने (हाडावरच्या आवरणाने) घाईघाईत घातलेलं नवं हाड. त्याने जे पाहिलं ते अचूक लिहिलंय. त्याला दाखवलं काय, तर फणसाची साल.

तुकडा कसा घेतला ते विचारलं. हिरडीखालून एकच, करंगळीच्या नखाएवढा. फॉर्मालीन तरी भरपूर होतं, तुकड्याच्या दसपट, तेवढं बरं. पण गाठ आतून ओळखायची असते. हाडाच्या बारीक कमानी, त्यांच्या कडेने ओळीने बसलेल्या, हाड घालणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी आणि मधे पेशींनी गच्च भरलेला तंतुमय भाग, हे दिसलं तर फायब्रोमा म्हणायचं. हाड आहे पण कडेची ओळ नाही, असं असेल तर फायब्रस डिस्प्लेझियाचा, म्हणजे हाडाची वाढच बिघडल्याचा विचार. यातलं काहीही सालीत सापडत नाही.

(इथे तू म्हणणार, ‘एक्स-रे बघ ना, बायोप्सी कशाला.’ पंधरावी ओलांडलेल्या त्या घोड्याच्या सगळ्या पुढच्या दातांची मुळं सिमेंटमने (मुळावरच्या कठीण थराने) फुगलेली आणि झिजलेली पाहून ‘ट्यूमर’ असं ठासून सांगणारा कोण होता रे? सर अजून हसतात.)

बरं, एक्स-रे. त्यांनी फक्त बाजूने घेतलाय, म्हणजे डावे-उजवे दात एकमेकांवर चढलेले. प्लेट तोंडात, दोन्ही दातांच्या रांगांमध्ये सरकवून खालून किरण सोडला तरच कुठलं मूळ कुठे ढकललं गेलंय ते कळतं. कॅलसमध्ये मोडीची रेघ किंवा सुटलेला हाडाचा कपचा शोधायचा. फायब्रोमात कड बहुधा रेखीव, हाड फुगलेलं, आत काळं-पांढरं मिसळलेलं. आणि दातासारखे छोटे-छोटे दाट तुकडे दिसले तर ओडोंटोमा, दाताच्याच पेशींची गाठ, मग गोष्टच वेगळी. सीटी मिळाला तर सगळ्यात उत्तम, कारण गाठ मागे कुठवर गेलीय ते त्यातच नीट मोजता येतं.

पुन्हा तुकडा घ्यायचाच, आणि तो नीट. गुंगीला डेटोमिडिन आणि ब्यूटॉर्फॅनॉल, दोन्ही बाजूंना मेंटल नर्व्हचा (हनुवटीकडच्या नसेचा) ब्लॉक, म्हणजे भाग बधिर. हाडाचा तुकडा काढायची जमशिदी सुई वरचं कवच भेदून मध्यापर्यंत, एक्स-रेत जिथे काळं दिसतं तिथून, तीन-चार वेगवेगळ्या दिशांनी. दातांची मुळं चुकवायची. एक तुकडा असा, की गाठ आणि चांगलं हाड यांची हद्द त्यात यावी. पुढे शस्त्रक्रिया झालीच तर जो भाग कापायचाय, सुईची वाट त्यातूनच गेली पाहिजे. रक्त बरंच येतं, दाबायला पॅकिंग तयार हवं. सोबत वय, नेमकी जागा आणि एक्स-रे पाठवायचेच; हाडाचा तुकडा एकटा पाठवणं म्हणजे निम्मी माहिती दडवणं. काप काढण्याआधी हाड डीकॅल्सिफाय व्हायला, म्हणजे कॅल्शियम काढून मऊ व्हायला, वेळ लागतो, त्यामुळे मालकाला आधीच सांगायचं की रोज फोन करू नकोस.

सहा महिने थांबायला मी का तयार नाही? फायब्रोमा लांब पसरत नाही, पण जागेवर वाढत जातो आणि अर्धवट काढला तर परत येतो. आज जबड्याचा पुढचा भाग पुरेशा चांगल्या हाडासकट कापला, तर मागे दोन्ही बाजू जोडणारा भाग शाबूत राहतो आणि जबडा स्थिर राहतो. जीभ थोडी बाहेर लोंबेल, पण ओठांनी चारा उचलायला घोडी लवकर शिकतात. गाठ त्या जोडाच्या मागे गेली की हे सगळं अवघड होऊन बसतं. तुला थांबायचंच असेल तर कॅलिपरने मोज, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ आणि दोन-तीन आठवड्यांनी परत मोज. कॅलस हळूहळू आटतो. ही आटली तर मी तुझ्यासमोर कान पकडीन. तू नेहमी मागतोस तसे, दोन्ही हातांनी.

मालक माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. तू त्याला फोन कर. काकांना मात्र टाळ, ते दात येण्यापासून सुरू होतील.

पोरीच्या परीक्षेचं काय झालं? वहिनींचं रंगकाम आटपलं का? दोघींना सांग, मी विचारलं म्हणून.

तुझा,
दिग्या

ता. क. नवा तुकडा येईपर्यंत लॅबला सांग की जुना ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) फेकू नका आणि त्याच ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप काढा. आत थोडासा जरी तंतुमय भाग आला असेल तर निदान तेवढा दिसेल. त्या स्लाइड तू स्वतः बघ, मी मागितल्या तर ते ‘रिपोर्ट दिलाय ना’ म्हणतात.