स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी महिन्यातून एक रविवार, एक वर्गखोली

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये तसा ठराव केला आणि २००८ पासून हा दिवस पाळण्यास सुरुवात झाली. ठाणे आणि नवी मुंबईतही त्या सुमारास व्याख्याने, पदयात्रा, मुलांनी काढलेल्या चित्रांची प्रदर्शने असे कार्यक्रम होतात. ते घडवून आणणाऱ्यांविषयी मनात पूर्ण आदर ठेवून, एका तेरा वर्षांच्या स्वमग्न मुलाचा बाप या नात्याने मला एवढेच मांडायचे आहे की, या कार्यक्रमांतला सर्वांत मोलाचा वेळ म्हणजे भाषणे संपल्यावर चहाच्या टेबलापाशी पालक एकमेकांशी बोलू लागतात तो अर्धा तास होय. आणि सभागृह वेळेत रिकामे करायचे असल्यामुळे नेमका तोच अर्धा तास आवरता घेतला जातो.

ठाण्यातल्या अशाच एका कार्यक्रमानंतर कळव्याहून आलेली एक आई सांगत होती की, मुलगा सात वर्षांचा झाला तरी केस कापायला बसत नाही, तो झोपला की हळूच कात्री चालवावी लागते. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या आईने मोबाईल काढला आणि आपल्या मुलासाठी काढून ठेवलेले फोटो तिला एकेक करून दाखवले : सलूनचा दरवाजा, फिरती खुर्ची, गळ्याभोवती बांधायचे कापड, पाण्याची फवाऱ्याची बाटली, कात्री, आणि सगळ्यांत शेवटी घरी आल्यावर खायला मिळणारा त्याच्या आवडीचा साबुदाण्याचा पापड. रोज रात्री निजण्यापूर्वी हे फोटो त्याच क्रमाने दाखवायचे, केस कापणाऱ्या दादांना मशीन न लावता फक्त कात्री वापरायला आधीच सांगून ठेवायचे, आणि जायचे ते मंगळवारी दुपारी, कारण मंगळवारी बरेच लोक केस कापत नाहीत आणि दुकानात शांतता असते. पहिल्या आईने हे सगळे निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले. पुढे काय घडणार हे चित्रांतून आधी दिसले की आमच्या मुलांची धास्ती कमी होते, हे थेरपिस्टही सांगतात. परंतु कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणाला काय सांगून जायचे, हे इतक्या नेमकेपणाने सांगू शकतो तो त्या प्रसंगातून गेलेला पालकच.

कागदपत्रांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश झाला. आज निदानासाठी आपल्याकडे ४० मुद्द्यांची भारतीय मूल्यमापन श्रेणी आहे, तिच्यावरून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते, त्या आधारे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे आणि त्यात नियमित थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग मुलासाठी ७५ हजार रुपयांची, आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. हे सर्व कुठे ना कुठे छापलेले आहे. मात्र आधी काय करायचे, मग काय करायचे, कोणत्या कागदाची प्रत बरोबर असली म्हणजे फेरी फुकट जात नाही, हे नवख्या पालकाला कोणत्याही खिडकीवर कोणी समजावून सांगत नाही. आमच्या मुलाचे प्रमाणपत्र करताना माझ्या दोन रजा केवळ एक मूळ अहवाल जवळ नसल्याने वाया गेल्या. तो अहवाल लागतो हे मला नंतर एका मुलीच्या वडिलांनी सांगितले.

आणखी एक बाब अशी की, जी मुले लहान असताना या मेळाव्यांना येतात ती मोठी होतात. मूल १८ वर्षांचे झाले की ते कायद्याने सज्ञान ठरते आणि आईवडिलांना त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा आपसूक अधिकार उरत नाही. ज्या मुलांना तशी गरज असते त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या कुटुंबांसाठी हा जिल्हा ठाणे, पण त्यापलीकडच्या खारघरचा जिल्हा रायगड आणि त्याचे मुख्यालय अलिबागला. असा अर्ज करावा लागतो, ही गोष्ट बँकेत मुलाचे खाते उघडायला गेल्यावर पहिल्यांदा कळणारे पालक मी पाहिले आहेत. पंचविशीतल्या मुलाची आई आणि पाच वर्षांच्या मुलीचे वडील एकाच बाकावर बसले, तर ती वेळ येण्याच्या बरीच आधी ते कळते.

या पालकांना एकमेकांची गरज का असते, याचे एक जुने कारणही आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षे पाश्चात्त्य जगातले मोठमोठे जाणकार आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असे सांगत राहिले. त्या समजुतीला १९६४ मध्ये ठोस उत्तर दिले ते बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी, आणि ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनीच संस्था उभी केली. दिल्लीत १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ एका आईच्या पुढाकाराने सुरू झाली. शास्त्राने तो आरोप केव्हाच मोडीत काढला असला, तरी आपल्या सोसायट्यांच्या जिन्यांत तो जिवंत आहे. आई नोकरी करते म्हणून, बाळपणी मोबाईल हातात दिला म्हणून, घरात बोलणारे माणूस नव्हते म्हणून, अशी कारणे नातेवाईक आणि शेजारी बिनदिक्कत सांगतात, आणि थकलेली आई रात्री त्यांचाच विचार करत पडते. तीस घरांतल्या तीस वेगवेगळ्या आया एका खोलीत भेटतात, त्यांत नोकरी करणारी असते, घरी राहिलेली असते, एकत्र कुटुंबातली असते, तेव्हा हा आरोप किती पोकळ आहे हे तिला कोणी वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीची मला सर्वाधिक चिंता वाटते तिच्याविषयी. निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पालक कशावरही विश्वास ठेवायला तयार असतात, आणि त्या वर्षात त्यांच्याकडून लाखो रुपये काढले जातात. मूळ पेशींचे (स्टेम सेल) उपचार हे त्यातले ठळक उदाहरण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार व तत्सम मान्य विकार सोडले, तर मूळ पेशींचा वापर रीतसर संशोधनाबाहेर उपचार म्हणून करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही २०२२ मध्ये स्वमग्नतेवर हा उपचार करू नये, असेच म्हटले. शरीरातले जड धातू काढून टाकण्याच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या औषधाने २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा जीव गेला होता. हे वाचूनही पालक बळी पडतात, कारण समोरचा माणूस ‘तुमचे मूल बोलू लागेल’ असे म्हणत असतो. अशा वेळी दागिने गहाण ठेवून तो अनुभव घेतलेली एखादी आई शांतपणे ‘आम्ही केले, काही झाले नाही, ते पैसे स्पीच थेरपीला वापरा’ असे सांगते, तेव्हा ते ऐकले जाते. म्हणूनच माझे आग्रहाने म्हणणे आहे की, पालकांच्या मेळाव्यांत कोणत्याही क्लिनिकचा, पूरक आहाराचा किंवा महागड्या उपचारपद्धतीचा स्टॉल असता कामा नये आणि त्यांच्या पैशांतून मेळावा होऊ नये. मग फलक छोटा झाला आणि चहाबरोबर फक्त बिस्किटे मिळाली तरी चालेल.

या मेळाव्यांत वडील कमी दिसतात. आले तरी पुष्कळदा मागच्या भिंतीशी गाडीची किल्ली हातात घेऊन उभे असतात. त्यांना आस्था नसते असे मी मुळीच मानणार नाही. ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात पाळीत काम करणाऱ्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी असेलच असे नाही, आणि २ एप्रिल तर कोणत्याही वारी येतो. दुसरे म्हणजे बोलायची सुरुवात कशी करावी हे पुरुषांना अवघड जाते. एका मेळाव्यात आयोजकांनी वडिलांचा वेगळा गट केला, त्यात पहिली दहा मिनिटे कोणी बोलेना, आणि नंतर दहीहंडीच्या दिवशी स्पीकरच्या भिंतींपासून मुलाला कुठे घेऊन जायचे यावरून जो विषय निघाला तो थांबेना. कोणी कान झाकणारे हेडफोन सांगितले, कोणी त्या दिवशी सकाळीच येऊरच्या जंगलात जातो म्हणाले. आजीआजोबांनाही बोलवायला हवे, कारण दुपारी शाळेतून मुलाला घरी आणणारे पुष्कळ घरांत तेच असतात.

खुद्द मुलांसाठी हे मेळावे सोयीचे असतात का, हाही प्रश्न विचारायला हवा. स्वमग्नतेविषयीच्या कार्यक्रमात स्वमग्न मूल कर्कश माइक आणि डोळ्यांवर येणारे दिवे सोसत दोन तास बसून राहते, हे मला फार खटकते. आवाज बेताचा असावा, बाजूला एक शांत खोली असावी, मुलाला येरझाऱ्या घालायची मोकळीक असावी, आणि पाहुण्यांसोबत छायाचित्रासाठी त्याला हात धरून उभे करू नये. शक्य असेल तेव्हा स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढ व्यक्तींना बोलण्यासाठी बोलवावे. गोंगाटात त्यांना काय होते हे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर माझ्या मुलाच्या रडण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

सोयी आपल्याकडे अगदीच नाहीत असे नव्हे. वाशीला नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण (ईटीसी) केंद्र आहे, ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ ही विशेष मुलांची शाळा आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे विभागीय केंद्र आहे. परंतु दिव्याच्या किंवा मुंब्र्याच्या आईने गर्दीतून घाबरणाऱ्या मुलाला लोकलने वाशीपर्यंत न्यायचे, आणि तेही नुसते चार शब्द बोलण्यासाठी, हे घडणारे नाही. म्हणून दोन्ही महापालिकांकडे माझी मागणी अगदी लहान आहे. ठाण्यातील प्रत्येक प्रभाग समितीच्या आणि नवी मुंबईतील प्रत्येक विभाग कार्यालयाच्या हद्दीत महापालिकेची एक शाळा निवडावी. रविवारी ती रिकामीच असते. तिथल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक पालकांसाठी आणि एक मुलांसाठी, महिन्यातल्या एका ठरलेल्या रविवारी तीन तास उघड्या ठेवाव्यात, आणि मुलांच्या खोलीत एखाद्या विशेष शिक्षकाला मानधन देऊन बसवावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांच्या कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. त्यातला अगदी थोडा भाग यासाठी पुरेल. उद्घाटन, सत्कार, प्रमुख पाहुणे यांची गरज नाही. रविवारी काम असणाऱ्यांसाठी कधी आठवड्यातली एखादी संध्याकाळ ठेवता आली तर उत्तम.

खोलीची किल्ली घेणे, बाक लावणे, झाडून ठेवणे ही कामे आम्ही पालक आनंदाने करू. आपल्याकडेही एक विनंती आहे. आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत ‘आज शहरात’ अशा स्वरूपाचे जे सदर असते, त्यात या बैठकांची जागा आणि वेळ दर महिन्याला छापावी. ज्यांच्या मुलाचे निदान मागच्याच आठवड्यात झाले आहे आणि ज्यांनी ते अजून घरातल्या मोठ्यांनाही सांगितलेले नाही, असे पालक ती ओळ वाचतील आणि कोणाला काही न विचारता येऊ शकतील.

आपला विश्वासू,
एका स्वमग्न मुलाचे वडील
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)
(मुलाचे खासगीपण जपण्यासाठी कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)