गल्लीतली मशीद खणताना

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जामा मशीद, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाची शहरातली मोठी मशीद, लांबूनही ओळखू येते, पण गल्लीतली मशीद आणि गल्लीतलं घर यांतला फरक खणताना कळतो कसा, असं तू विचारलंस. उत्तर द्यायला सिराफइतकी चांगली जागा नाही. इराणच्या आखाती किनाऱ्यावरचं हे जुनं बंदर पुरातत्त्वज्ञ डेव्हिड व्हाइटहाउसने १९६६ ते १९७३ या काळात खणलं. बहुतेकांना तिथली मोठी मशीदच ठाऊक असते. साधारण ५१ मीटर लांब, ४४ मीटर रुंद, इस्लामपूर्व सासानी राजवटीच्या जुन्या किल्ल्यावर भराव घालून उचललेली. पण त्याच शहरात घरांच्या आणि दुकानांच्या दाटीत लहान लहान मशिदीही सापडल्या, आणि तुझ्या कामाच्या त्या आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. मिहराबचा, म्हणजे मक्केकडची दिशा दाखवणारा, कोनाडा दिसला म्हणजे मशीद, असं नसतं. भिंतीत कोनाडे घरातही असतात, आणि सधन घरात नमाजाची वेगळी खोलीही असू शकते. म्हणून कोनाड्यापेक्षा दार बघ. ते रस्त्यावर उघडतं की घराच्या अंगणात? रस्त्यावर उघडत असेल आणि खोलीतून घरात जायला वाट नसेल, तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं जमीन सांगते. मशिदीच्या जमिनीवर चूल नसते, रोटीची भट्टी नसते, हाडं आणि राख जवळजवळ नसतात. चुन्याचा थर असतो, त्यावर पुन्हा चुना, पुन्हा चुना. तोच नेम घराच्या ओसरीत दिसणार नाही. दाराशी किंवा अंगणात हौद, पाय धुवायची जागा आणि सांडपाण्याची नाली मिळाली, तर मग शंका कमीच.

कोनाडा सापडलाच, तर ब्रश घेऊन त्याच्या दोन्ही कडा साफ कर आणि दगडांचे सांधे बघ. कोनाड्याचे दगड भिंतीच्या दगडांत एकाआड एक गुंतलेले असतील, तर भिंत आणि मिहराब एकदमच उभी राहिली. दोन्हींच्या मधे वरपासून खालपर्यंत सरळ फट गेली असेल, तर भिंत आधीची आणि मिहराब मागाहून बसवलेली, म्हणजे बहुधा कुणाचं तरी घर मशिदीला दिलेलं. ही फट गिलाव्याखाली लपते. म्हणून गिलावा उतरवण्याआधी त्याचे थर मोज, फोटो काढ, आणि मगच खरवड. घाईत हा पुरावा कायमचा जातो.

मिहराब बाहेर फुगलेली का असते, हेही लक्षात घे. इमाम पुढे एकटा उभा राहतो. त्याला कोनाड्यात जागा दिली की एक अख्खी रांग वाचते. लहान खोलीत रांग म्हणजे चेष्टा नाही. किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची, भिंत ८ मीटर आणि खोली ६ मीटर खोल असेल, तर माणशी ६० सेंटिमीटर धरून एका रांगेत १३ जण, आणि रांगेला १.२ मीटर धरून ५ रांगा. म्हणजे ६५ माणसं, खांबांमुळे थोडी कमी. एवढ्यात एक गल्ली मावते. शुक्रवारच्या खुतब्यासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, मिंबर (पायऱ्यांचं उंच आसन) लागतो, तो इथे अपेक्षित नाही. मात्र लाकडी मिंबर मागे काहीच ठेवत नाही, त्यामुळे 'मिंबर नाही म्हणून जामा नाही' हा उलटा निष्कर्ष काढू नकोस. मिहराबकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला जमिनीत चौकोनी ठसा आहे का, तेवढं बघ.

सगळ्यात जास्त घोटाळा काळ ठरवताना होतो. जमिनीवर पडलेली खापरं मशीद कधी बांधली ते सांगत नाहीत, ती कधी सोडली ते सांगतात. बांधणीचा काळ फरशीच्या खाली असतो, न फुटलेल्या चुन्याखालच्या भरावात. सिराफच्या मोठ्या मशिदीचं तेच झालं. भरावातलं सर्वात अलीकडचं नाणं हिजरी १८८चं, म्हणजे इ.स. ८०३-०४चं. तेव्हा बांधकाम त्यानंतरचं, त्याआधीचं नाही. किती नंतरचं, हे नाणं सांगत नाही, आणि झिजलेलं नाणं तर दशकानुदशकं हातोहात फिरलेलं असतं. लहान मशिदीत भराव जेमतेम वीतभर, त्यात नाणं मिळणं नशिबाचं. कोळशाच्या कार्बन तारखेवरही फार विसंबू नकोस. सिराफची घरं सागाची, असं दहाव्या शतकातला भूगोलकार इस्तख्री लिहितो. तो साग समुद्रापलीकडून, आपल्या बाजूने यायचा (अरबीतला 'साज' आणि आपला 'साग' भावंडंच). इतकं महाग लाकूड कोण फेकतो? जुनी तुळई नव्या छपरात चढते, आणि तारीख मशिदीची न येता झाडाची येते.

या मशिदी कोण बांधायचं, असंही तू विचारलंस. इब्न हौकल या अरब प्रवाशाने दहाव्या शतकात सिसिलीतल्या पालेर्मोत तीनशेवर मशिदी असल्याचं लिहिलं, आणि बाणाच्या टप्प्यात दहा दिसल्या म्हणून तो चक्रावला. चौकशी केली तेव्हा कळलं की जो तो आपल्या घराण्याची वेगळी मशीद मिरवतो. घराला घर लागून असलेल्या दोन भावांच्यासुद्धा दोन मशिदी! वीस पावलांवर दोन मशिदी सापडल्या, तर एक आधीची आणि एक नंतरची असा क्रम लावायची घाई म्हणूनच करू नये. दोन्ही एकाच पिढीच्या असू शकतात.

आता दिशा. सिराफहून मक्का उत्तरेपासून उजवीकडे मोजत २४४ अंशांच्या आसपास येते. पण हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवशी सूर्यही तिथे जवळपास त्याच अंशावर मावळतो. तेव्हा भिंत अचूक सापडली म्हणून त्यांनी गणित केलं होतं, असं म्हणता येत नाही. मावळता सूर्य बघूनही ती तशीच आली असती. उलट भिंत चुकलेली दिसली, तर आधी शेजारची गल्ली मोज. पुष्कळदा दाटीत जागाच नसते आणि किब्ला रस्त्याला शरण जातो.

तुझ्या मनात चौल आहे हे मला ठाऊक आहे. अरब इतिहासकार मसऊदी हिजरी ३०४मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७च्या सुमारास, सैमूरला, म्हणजे चौललाच, आला. तेव्हा शिलाहारांचा झंझ तिथे राजा होता, आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे धरून दहा हजार मुसलमान तिथे राहत, असं तो सांगतो. इतक्या माणसांना एक जामा मशीद पुरणार नाही. नारळी-पोफळीच्या वाड्यांत खालून भिंत लागलीच, तर चौलहून मक्का २८१ अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या अकरा अंश उत्तरेला आहे. पण आपल्याकडे सरळ पश्चिमच धरायची रीत जुनी, त्यामुळे २७० वरची भिंतही टाकून देऊ नकोस. हे अकरा अंश फार नाहीत, होकायंत्राच्या आणि कागदावरच्या चुकीने कमीजास्त दिसू शकतात. चराचा नकाशा पाठवशील तेव्हा बाणाची उत्तर खरी की चुंबकीय, ते कोपऱ्यात लिही.

तुझा,
माधव