सगळ्याच फेजना पाय नसतात

महोदय,

फेज म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणारे विषाणू. त्यांच्या साहाय्याने जिवाणू मारण्याच्या फेज-चिकित्सेवरच्या लेखांसोबत हमखास एकच चित्र छापले जाते: षट्कोनी डोके, शेपटी आणि पाय. ते टी४ या फेजचे. एम१३ सारखे तंतुमय फेज त्यात कुठेच बसत नाहीत.

एम१३ हा सुमारे ९०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम ६-७ नॅनोमीटर जाड, लवचीक तंतू. आत ६४०७ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या घटकांचा) एकपदरी, वर्तुळाकार डीएनए. त्यावर पी८ प्रथिनाच्या सुमारे २७०० प्रती माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक चढलेल्या. पी८ अवघ्या ५० अमिनो आम्लांचे. त्याच्या आतल्या टोकाकडची चार लायसिन ही अमिनो आम्ले आपल्या धनभाराने डीएनएचा ऋणभार सावरतात. त्यातले एक बदलून भार घटवला, तर तोच डीएनए झाकायला जास्त प्रती लागतात आणि तंतू सुमारे एक तृतीयांशाने लांबतो! डीएनए वाढवला तरी तंतू लांबतोच. ठरावीक मापाचे डोके इथे नाहीच.

तंतूच्या एका टोकाला पी३ व पी६ ही प्रथिने, दुसऱ्याला पी७ व पी९, प्रत्येकी सुमारे पाच प्रती. ई. कोलाय जिवाणूच्या एफ पिलसला (पेशीवरच्या केसासारख्या तंतूला) चिकटते ते पी३. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये परके पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) याच पी३ मध्ये बसवले. पी८च्या प्रत्येक प्रतीला मोठे पेप्टाइड जोडले, तर कण नीट जुळत नाहीत.

शिवाय हा फेज पेशी न फोडता तिच्या आवरणातून बाहेर सरकतो. म्हणजे जिवाणू मारण्यासाठी तो जसाच्या तसा निरुपयोगी. कॉलऱ्याच्या विषाचे जनुक तर सीटीएक्स हा तंतुमय फेजच जिवाणूत आणतो. किमान या विषाणूंवर लिहिताना तरी टी४चे चित्र नको.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे