"दुसरी?" असं विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तीन आठवडे झाले, तरी त्या रात्रीचं लिहायला बसलो की घसा दाटून येतो. तुमची माझी ओळखसुद्धा नव्हती. एका जुन्या सहकाऱ्याने नंबर दिला, तुम्ही दुसऱ्या रिंगला उचललात.

आमचा क्लस्टर, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने काम उचलावं अशी दोन सर्व्हरची जोडी. त्यांच्यातल्या हार्टबीटचा, म्हणजे 'मी जिवंत आहे' असं एकमेकांना सतत कळवणाऱ्या संदेशांचा, स्विच बंद पडला होता. दोन्ही सर्व्हर धडधाकट, फक्त एकमेकांना दिसेनासे झालेले. प्रत्येकाने धरून चाललं की जोडीदार गेला, आणि दोघांनी तोच एलयूएन, म्हणजे सामायिक स्टोरेजमधली डिस्क, एकाच वेळी माउंट केला, म्हणजे लिहिण्या-वाचण्यासाठी जोडून घेतला. वर साधी ईएक्सटी४, एका वेळी एकाच सर्व्हरने वापरायची फाइल सिस्टिम. आपल्याशिवाय आणखी कोणी इथे लिहीत असेल, हे तिच्या गावीही नसतं. दोघांचे कॅशे वेगळे, दोघेही मोकळे ब्लॉक आपल्याच हिशेबाने वाटत होते आणि एकमेकांचं लिहिलेलं पुसत होते.

तुमच्याआधी मी सपोर्टला फोन केला होता. तीनदा लॉग मागवले. मग उत्तर आलं, "सर्व्हिस दोन्हीकडे चालू दिसतेय, मग अडचण काय?" अहो, तीच तर अडचण होती! शेवटी म्हणाले, एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवून बघा. दुसरा सर्व्हर त्याच डिस्कवर लिहीत असताना! तुम्ही फोन उचललात तेव्हा ती कमांड माझ्या स्क्रीनवर टाइप करून तयार होती.

तुम्ही म्हणालात, "एंटर दाबू नका. उठा, दुसऱ्या सर्व्हरची पॉवर केबल काढा आणि हातात धरून मला सांगा. मी थांबते." मी गेलो, केबल काढली, सांगितलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "दुसरी?"

त्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते. एक केबल माझ्या हातात होती आणि सर्व्हर मजेत चालू होता. तुम्ही विचारलं नसतं, तर तो मेला असं समजून मी पुढे गेलो असतो.

बाकीचं सांगत बसत नाही. आधी एलयूएनची जशीच्या तशी कॉपी, दुरुस्ती त्या कॉपीवर, उरलेलं बॅकअपमधून. उजाडेपर्यंत तुम्ही फोनवर होतात.

ज्यांनी हा क्लस्टर उभा केला, त्यांनी गप्प झालेल्या जोडीदाराला सक्तीने बंद करणारी 'स्टोनिथ-एनेबल्ड' ही सेटिंग 'फॉल्स', म्हणजे बंद, करून ठेवली होती. कारण काय, तर "उगाच सर्व्हर रीबूट होतात." मी ती सेटिंग पाहिली होती आणि गप्प राहिलो होतो. पहाटे हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आता नीट बसवू." कोणाची चूक, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. इतकं येणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. येत असूनही समोरच्याला लहान न करणारी फार थोडी भेटली.

नंतर तुम्ही समजावलंत ते पक्कं बसलंय. उत्तर न देणं म्हणजे मरणं नव्हे. दोन नोडच्या, म्हणजे दोनच सर्व्हरच्या, क्लस्टरमध्ये बहुमत निघतच नाही, म्हणून दुसरा खरोखर थांबलाय याची खात्री फेन्सिंगच, म्हणजे त्याला सक्तीने बंद करणं किंवा स्टोरेजपासून तोडणंच, देऊ शकतं. ती खात्री होईपर्यंत स्टोरेजला हात लावायचा नाही, मग सर्व्हिस बंद राहिली तरी चालेल. आधी आयपीएमआयवरून, म्हणजे सर्व्हरला दुरून चालू-बंद करायच्या सोयीवरून, वीज तोडायची. पण सर्व्हरची वीजच गेली असेल तर त्याचं आयपीएमआयही मुकं होतं, म्हणून त्यामागे स्कझी-३ची पर्सिस्टंट रिझर्व्हेशन, म्हणजे कोणी लिहायचं हे स्टोरेजनेच किल्ल्यांवरून ठरवायची सोय. गप्प झालेल्याची स्टोरेजकडची किल्लीच काढून टाकायची. मग तो जिवंत असला आणि लिहायला धडपडला, तरी स्टोरेजच त्याला नाकारतं. आणि दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना बंद करू नये म्हणून एका बाजूला थोडा उशीर.

गेल्या रविवारी हार्टबीटची केबल तुम्ही मलाच ओढायला लावलीत. काही सेकंदांत एका सर्व्हरचे दिवे गेले, आणि त्यानंतरच दुसऱ्याने एलयूएन माउंट केला. मी तिथेच खाली बसलो. तुम्ही फोनवर होतात, तुम्हाला दिसलं नसेल.

पुढच्या महिन्यात स्टोरेज बदलतोय. नव्या स्टोरेजवर एक बाइटही टाकण्याआधी हीच चाचणी पुन्हा घेणार आहे. झाली की कळवतो.

तुमचा ऋणी,
त्या रात्री एकच केबल काढलेला