तिसरी खुर्ची

सातारा,
शनिवार, रात्री

चि. ताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी पोवई नाक्यावर दूध घेत होतो. चौथी पट्टी मिळाली, कॅप्टन झाले म्हणालीस आणि सुट्टे पैसे दुकानदाराकडेच राहिले. आईने आधी देवापुढे साखर ठेवली, मग विचारलं, "म्हणजे आता ही पुढं बसणार?" म्हटलं, पुढं ती कधीचीच बसतीये, आता डावीकडं बसणार.

कौतुक फोनवर झालं. पत्र वेगळ्या कारणासाठी लिहितोय. दिवाळीत तू सांगितलं होतंस, की रात्रीच्या शेवटच्या विमानाला तुमच्याच कंपनीचा एक पायलट आला, सीट सगळ्या भरलेल्या, म्हणून कॉकपिटमधली जंपसीट, म्हणजे दोन पायलटांच्या मागची जादाची खुर्ची, मागत होता. तुझ्या कॅप्टनने कागद बघितले, चार शब्द बोलला आणि म्हणाला, "आज नको." तुला फार अवघडल्यासारखं झालं. "कागद बरोबर होते आप्पा, मग?" असं मला विचारलंस. मी काही बोललो नाही. तोंडात चकली होती हे एक, आणि हाच "मग?" मी आधी एकदा ऐकला होता हे दुसरं.

एसटीच्या केबिनमध्येही एक तिसरी जागा असायची, तुला आठवत असेल. इंजिनाचं बॉनेट. वर गोणपाट टाकलं की एक माणूस बसायचा, घाट चढताना बूड भाजायचं तरी उठायचा नाही. "स्टाफ आहे" एवढं म्हटलं की ड्रायव्हर सरकून घेई. आज आपण बसवलं तर उद्या तो आपल्याला बसवेल, असा हिशेब. एका रात्री मेढ्यावरून महाबळेश्वरची मुक्कामाची गाडी होती माझ्याकडे. दुसऱ्या डेपोचा एक जण केबिनमध्ये चढला. ओळखपत्र होतं. दारूचा वास नव्हता, मी मुद्दाम बघितलं. पण तो कुणाशी तरी अर्धवट राहिलेलं भांडण माझ्याशी पुरं करत होता. मी गप्प बसलो तरी त्याचं चालूच. केळघरला गाडी उभी केली, कंडक्टरला म्हटलं यांना मागं बसवा. पुढं घाट होता.

तो कुणाच्या तरी जवळचा निघाला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "ओळखपत्र दाखवलं होतं ना?" म्हटलं, होतं. "मग?" मला सांगता आलं नाही. महिनाभर कुणालाच नको असलेल्या ड्युट्या केल्या. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू.

तू गेल्यावर चष्मा लावून मोबाईलवर वाचत बसलो. अमेरिकेत कितीतरी पायलट एका गावात राहतात आणि दुसऱ्या गावातून नोकरी करतात, ते बऱ्याचदा ह्या खुर्चीवरून ये-जा करतात. कंपनीने नाव दिलेलं असतं, संगणकावर ओळख पटलेली असते, तरी कॅप्टनला समक्ष भेटून "येऊ का?" विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही. सरकारी तपासणीसालासुद्धा ओळखपत्र दाखवल्यावर आत येण्याचा हक्क आहे, पण सुरक्षिततेसाठी कुणालाही बाहेर काढायचा कॅप्टनचा आणीबाणीचा अधिकार त्या नियमाने काढून घेतलेला नाही, हेही तिथंच लिहून ठेवलंय. मला हे वाचून फार बरं वाटलं. कार्ड नोकरीचं सांगतं. आज रात्री माणूस कसा आहे ते कार्डावर कसं येणार? साहेबांना हे त्या दिवशी म्हणता आलं असतं तर!

७ एप्रिल १९९४ ला मेम्फिसहून एक मालवाहू विमान निघालं. त्यात फुकट प्रवासाला बसलेला माणूस त्याच कंपनीचा फ्लाइट इंजिनिअर होता. उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याने हातोड्याने तिघांची डोकी फोडली. तशा अवस्थेत त्यांनी त्याला आवरलं आणि विमान परत मेम्फिसला उतरवलं. घरचाच माणूस होता, स्टाफ.

पण कॅप्टनला सगळं ओळखता येतंच असंही नाही. २२ ऑक्टोबर २०२३ ला एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या विमानात ड्युटीवर नसलेला एक पायलट जंपसीटवर होता. हवापाण्याच्या गप्पा मारल्या, सगळं नीट. मग एकदम म्हणाला मला बरं वाटत नाहीये, आणि वर हात घालून इंजिनाची आग विझवायची दोन लाल हँडल ओढायला गेला. ती पुरती ओढली की इंजिनाचं इंधनच तुटतं. दोन्ही पायलटांनी झटापट करून त्याला अडवलं म्हणून निभावलं. विमान पोर्टलंडला उतरवलं. त्या कॅप्टनचं काय चुकलं ते मला सापडलं नाही. म्हणून "आज नको" म्हणायला पुरावा लागत नाही असं मी धरून चाललोय. मन खात असेल तर तेवढं बास. तो माणूस चांगलाही असेल. रागावेल आणि दुसऱ्या विमानाने जाईल.

आता जरा अवघड गोष्ट. तुझा अधिकार नाही म्हणायचा आहे. हो म्हणायचा तुला तसा नाही. त्या खुर्चीवर कोण बसू शकतं ते नियमाने ठरलेलं, त्यातल्यांना तू नाकारू शकतेस, बाहेरच्याला आत घेऊ शकत नाहीस. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात एका पायलटने मैत्रिणीला आत बसवलं. डीजीसीएने, म्हणजे विमानांवर देखरेख करणाऱ्या आपल्या सरकारी खात्याने, त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित केलं, कंपनीला ३० लाखांचा दंड केला, आणि शेजारच्या पायलटलाही ताकीद दिली, का अडवलं नाहीस म्हणून.

आणि मेम्फिसच्या दोन आठवडे आधी, २३ मार्च १९९४ ला, मॉस्कोहून हाँगकाँगला जाणारं विमान. मूळ कॅप्टन विश्रांतीला गेला होता. त्याच्या जागेवरच्या पायलटने आपल्या दोन्ही पोरांना पुढं बोलावलं. ऑटोपायलट चालू होता, म्हणून आधी मुलीला, मग पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या खुर्चीवर बसवलं. मुलाने सुकाणू अर्धा मिनिटभर दाबून धरलं आणि ऑटोपायलटचा एक भाग आपोआप बंद झाला. भोंगा वाजला नाही, नुसता दिवा लागला. विमान वळतंय हे आधी त्या पोराच्याच लक्षात आलं. ७५ माणसं गेली.

हे वाचून मी उठून पाणी प्यालो. कारण तू सहा वर्षांची असताना तुला बॉनेटवर बसवून मी तोच केळघर घाट चढलोय. गोणपाटावर माझा स्वेटर घातला होता, तुला चटका बसू नये म्हणून. तू हॉर्नचा हट्ट धरलास आणि मी म्हटलं, वाजव. तू वाकलीस, तोल गेला, माझ्या डाव्या हातावर पडलीस. वळणावर वरून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने बाजूला घेतलं, मी नाही. मी एका हाताने तुला धरून होतो. हे तुझ्या आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. केबिन माझी होती, पण लेक दिसली की ड्रायव्हरचा बाप झाला.

हो म्हणायची वेळही येते म्हणा. १९ जुलै १९८९, अमेरिकेतलं सू सिटी. विमानाचं सगळं हायड्रॉलिक गेलेलं, म्हणजे सुकाणू फिरवून काही उपयोग नाही. प्रवाशांत पायलटांना शिकवणारा एक जण होता, त्याने मदत करू का असा निरोप पाठवला. कॅप्टन हेन्स यांनी मोठेपणा न करता त्याला आत घेतलं. त्याने खुर्च्यांच्या मधे बसून दोन्ही हातांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचे दांडे, सांभाळले. २९६ पैकी १८४ जण वाचले. ते संकट होतं आणि माणूस कामाचा होता.

तर, परवा तुझे मामा आले होते. आल्या आल्या, "आता काय, भाचीच्या विमानात पुढं बसून जायचं!" मी परस्पर सांगून टाकलं, ते जमणार नाही. ते म्हणाले, तिला विचार तरी. म्हटलं, विचारणार नाही, तिला नाही म्हणायला लावायचं कशाला. चहा न पिता गेले. येतील चार दिवसांनी.

मार्गशीर्षात आम्ही दोघं तुझ्या विमानाने येऊ. तिकीट काढून, मागची सीट चालेल, आईला फक्त खिडकी पाहिजे. कंदी पेढ्यांचा पुडा दारातल्या मुलीकडे देईन. तू तुझ्या कामात असशील, बाहेर येऊ नकोस.

तुझे,
आप्पा